यूव्ही, दीड वर्ष वापरून झाल्यावर: एका छोट्या लायब्ररीच्या मेंटेनरचा रिव्ह्यू

यूव्ही म्हणजे पायथॉन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली पॅकेजेस (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) इन्स्टॉल करणारं टूल, नेहमीच्या पिपच्या जागी वापरायचं. लायब्ररी म्हणजे असंच एक पॅकेज, आणि मेंटेनर म्हणजे ते सांभाळणारा. आधीच सांगून टाकतो, हा "बापरे किती फास्ट" टाइपचा रिव्ह्यू नाहीये. यूव्ही फास्ट आहे हे आता पायथॉन शिकणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहितीये. त्यांच्याच रीडमीमधे पिपपेक्षा १० ते १०० पट फास्ट असं लिहिलंय, आणि माझं विचाराल तर पूर्वी इन्स्टॉल लावून चहा टाकायला उठायचो, आता उठेपर्यंत झालेलं असतं. विषय संपला. मला लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर, म्हणजे तुम्ही स्वतः एखादी ओपन सोर्स लायब्ररी सांभाळताय आणि तिला लागणाऱ्या पॅकेजेसचं कुठलं व्हर्जन चालेल, कुठपर्यंत चालेल, हे लिहिताना दरवेळी अंदाजपंचे दाहोदरसे चाललंय, तर त्या कामात ह्या टूलचा उपयोग होतो का. माझी ह्यात एकदा वाजतगाजत फजिती झालीये, म्हणून लिहितोय.

माझी लायब्ररी छोटीशी आहे. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमधे आणते. हा मजकूर बहुतेक वेळा एक्सेल फायलीत कोंबलेला असतो, म्हणून पांडाज (तक्त्यांवर काम करणारं) आणि ओपनपायएक्सएल (एक्सेल फायली वाचणारं) ही दोन पॅकेजेस लागतात. थेट डिपेन्डन्सी, म्हणजे माझ्या कोडला लागणारी दुसऱ्यांची पॅकेजेस, एवढ्याच. नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) मी स्वतः कुठेच वापरत नाही, तो पांडाजच्या मागून येतो, लग्नाला बोलावलेल्या पाहुण्याबरोबर त्याचा मेहुणा येतो तसा. वापरणारे कोण, तर साप्ताहिकं चालवणारे, वाचनालयवाले, दिवाळी अंकांच्या जुन्या फायली सांभाळून असलेले, डीटीपीवाले. ह्या मंडळींना व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रत्येक प्रोजेक्टच्या पॅकेजेसचा वेगळा कप्पा) वगैरेशी काही घेणंदेणं नाही, एक पिप इन्स्टॉल मारतात आणि चाललं पाहिजे एवढीच अपेक्षा, आणि ती बरोबरच आहे.

तर झालं असं की २०२३ च्या ऑगस्टच्या शेवटी पांडाज २.१ आलं. त्यात डेटाफ्रेमचं (म्हणजे पांडाजमधल्या तक्त्याचं) अ‍ॅप्लायमॅप हे फंक्शन जुनं ठरवलं, आता मॅप वापरा अशी वॉर्निंग यायला लागली. नुसती वॉर्निंग हं, तुटलं काहीच नव्हतं. पण माझ्या टेस्टमधे वॉर्निंग आली की एरर समजायची अशी सेटिंग (मीच मोठ्या शहाणपणाने केलेली), त्यामुळे सीआय (प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणारी सोय) लाल. रात्रीचे अकरा वाजलेले, दुसऱ्या दिवशी ऑफिस, एका शब्दाचा बदल करायचा होता पण तो चार ठिकाणी करून परत सगळं तपासायचा कंटाळा आला आणि मी पायप्रोजेक्ट फाइलमधे (ह्या अटी लिहायची जागा) पांडाज <२.१ असं, म्हणजे २.१ च्या खालचंच चालेल, लिहून मोकळा झालो. नंतर बघू म्हटलं. तुम्ही पण केलंय हे, खोटं बोलू नका.

नंतर कोण बघतंय. १६ जून २०२४ ला, रविवारी, नमपाय २.० आलं. २००६ मधे त्याचं १.० आलं होतं, त्यानंतरचं हे पहिलं मोठं व्हर्जन, आणि ह्यात आतला बायनरी साचाच बदलला होता, म्हणजे जुन्या नमपायसमोर कंपाइल झालेली पॅकेजेस नव्याबरोबर चालणार नाहीत. ह्याची दवंडी कित्येक महिने आधीपासून पिटत होते. मी वाचली नव्हती असंही नाही, वाचली आणि म्हटलं आपण कुठे नमपाय वापरतो.

दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या एका डीटीपीवाल्यांचा मेसेज. "सर तुमचं ते चालंना झालंय. जुन्या मशीनवर बरं आहे, नवीन कॉम्प्युटरवर टाकलं की लाल लाल येतंय." खाली मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो, त्यात नमपायच्या डीटाइपची साइज बदललीये, ९६ पाहिजे होती ८८ मिळाली, असला काहीतरी मजकूर. साप्ताहिकाच्या जुन्या अंकांच्या सगळ्या फायली त्या माणसाला बदलायच्या होत्या आणि त्यांना ९६ आणि ८८ शी काय करायचंय.

आता ह्यातली गंमत बघा, कारण ही समजली की व्हर्जनच्या अटी हा विषयच अर्धा समजतो. पांडाजने नमपाय २ ची सोय एप्रिलमधेच केली होती, २.२.२ ह्या व्हर्जनमधे. म्हणजे मी काहीही न करता गप्प बसलो असतो तर सोलापूरच्या मशीनवर नवा पांडाज आणि नवा नमपाय असे दोघं जोडीने आले असते आणि अ‍ॅप्लायमॅपच्या वॉर्निंगा दिसल्या असत्या, पण फायली बदलून मिळाल्या असत्या. मी <२.१ ची टोपी, म्हणजे वरची मर्यादा, घालून ठेवल्यामुळे पिपने प्रामाणिकपणे पांडाज २.०.३ उचललं. ते २०२३ च्या मधलं, त्यात नमपाय "अमुकच्या वर" एवढीच अट, वरची मर्यादा काही नाही, कारण ते निघालं तेव्हा नमपाय २ अजून वर्षभर लांब होतं. मग पिपने बघितलं वर मर्यादा नाही, घे सगळ्यात नवीन, आणि दिला २.० आणून. दोन्ही अटी तंतोतंत पाळल्या, कागदावर सगळं जुळतंय, छत्तीसच्या छत्तीस गुण, आणि लग्न पहिल्या इम्पोर्टलाच (कोडने पॅकेज आत घेतानाच) मोडलं. सुरक्षित राहावं म्हणून लावलेल्या कुलपानेच घरात कोंडलं.

आणि हे मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही हे लक्षात घ्या. पायपीआयवर (पिप जिथून पॅकेजेस उतरवतं ते कोठार) एकदा व्हर्जन चढलं की त्याच्या अटी दगडावरची रेघ. फार तर ते व्हर्जन यँक करता येतं, म्हणजे कोणी नाव घेऊन मागितल्याशिवाय द्यायचं नाही. कॉन्डा-फोर्जवाल्यांकडे (ते दुसरं कोठार) जुन्या पॅकेजच्या अटी नंतर दुरुस्त करायची सोय आहे, पायपीआयकडे नाही. त्यामुळे एखाद्या पॅकेजने आज शहाणं होऊन वरची मर्यादा घातली तरी त्याची जुनी, मर्यादा नसलेली व्हर्जन्स तिथे कायम पडलेली असतात, आणि रिझॉल्व्हरला (सगळ्या अटी जुळवून व्हर्जन्स निवडणारा भाग) नवीन व्हर्जन जुळेना झालं की तो एकेक पायरी खाली उतरत बरोब्बर त्या जुन्या व्हर्जनवर जाऊन बसतो, कारण तिथे कोणी हटकायला नाही.

मी घाईत पॅच रिलीज काढला, नमपाय <२. सोलापूरचं काम झालं. चार दिवसांनी एका विद्यार्थ्याचा इश्यू (तक्रारीची नोंद), त्याच्या प्रोजेक्टमधल्या दुसऱ्या पॅकेजला नमपाय २ च्या वरचंच पाहिजे आणि माझी लायब्ररी २ च्या खालीच अडून, पिप म्हणतं जमणार नाही. आगीतून फुफाट्यात. त्याने शेवटी एकच वाक्य लिहिलं होतं, "दादा, तुमच्या कोडमधे नमपाय इम्पोर्टच नाहीये मग त्याच्यावर अट कशाला?" वाचून कान गरम झाले, कारण पोरगं बरोबर होतं.

जरा मागचं सांगतो, मग यूव्हीवर येतो. नोव्हेंबर २०२० च्या आधी, म्हणजे पिप २०.३ यायच्या आधी, पिप अटींची भांडणं सोडवायचंच नाही, जी अट आधी दिसली ती धरायचं आणि पुढे जायचं, एन्व्हायर्नमेंट आतून मोडलेली असायची आणि आपल्याला पत्ता नाही. २०.३ पासून खरा रिझॉल्व्हर आला, तो मागे जाऊन दुसरा पर्याय बघतो, आणि तेव्हापासून लोकांच्या तोंडी बॅकट्रॅकिंग हा शब्द आला. मधे मी पोएट्री पण वापरली, तीही पॅकेजेस सांभाळणारी, छान टूल आहे, लॉक फाइल (नेमकी कुठली व्हर्जन्स घ्यायची त्याची पक्की यादी) म्हणजे काय हे मला तिनेच शिकवलं. पण पोएट्रीत नवीन पॅकेज जोडलं की ती आपणहून टोपीचं चिन्ह लावायची, ^२.० म्हणजे २.० पासून ३ च्या खाली. अ‍ॅपसाठी ठीक. लायब्ररीत तीच अट जशीच्या तशी पायपीआयवर जाते, आणि आपण विचारही न करता जगातल्या प्रत्येक वापरणाऱ्याला सांगून बसतो की ३ आलं तर माझ्यासाठी थांबा.

इथे अ‍ॅप आणि लायब्ररी ह्यातला फरक कळला नाही तर कुठलंही टूल घेऊन उपयोग नाही. अ‍ॅप म्हणजे आपल्या घरचा स्वयंपाक, कुठल्या दुकानाचं कुठलं पीठ ते पक्कं ठरवा, लॉक करा, कोणाला काय. लायब्ररी म्हणजे आपण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन एक भाजी करणार, तिथे बाकीचे चार आचारी आहेत आणि पीठ सगळ्यांना एकाच डब्यातलं वापरायचंय. पायथॉनमधे खरंच एकच डबा असतो, एका एन्व्हायर्नमेंटमधे एका पॅकेजचं एकच व्हर्जन. जावास्क्रिप्टवाल्यांचं एनपीएम प्रत्येकाला वेगळी पिशवी देऊ शकतं, आपल्याकडे ती चैन नाही. म्हणून लायब्ररीने लिहायची असते ती रेंज, आणि ती अनोळखी लोकांना दिलेली जबान असते. माझी जबान होती पांडाज १.५ च्या वर. २०२२ मधे लिहिलेली. १.५ वर चालतंय का हे मी कधी, आयुष्यात एकदाही, चालवून बघितलं नव्हतं.

हां, तर यूव्ही. अ‍ॅस्ट्रल नावाची कंपनी, रफ हा लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) काढणारे तेच लोक, रस्ट ह्या भाषेत लिहिलेलं, फेब्रुवारी २०२४ मधे आलं तेव्हा नुसतं पिपच्या जागी वापरायचं टूल होतं, ऑगस्टमधे लॉक, सिंक, पायथॉन स्वतःच उतरवून घेणं वगैरे सगळा संसार आला. मी तेव्हाच घेतलं, वेगासाठीच घेतलं, कशाला खोटं बोलू.

सप्टेंबरात डॉक्युमेंटेशन चाळताना रिझॉल्युशन नावाचा ऑप्शन दिसला. नेहमी रिझॉल्व्हर सगळ्यात नवीन व्हर्जन घेतो. ह्या ऑप्शनला लोएस्ट दिलं की तो उलटा चालतो, तुमच्या अटीत बसणारं सगळ्यात जुनं व्हर्जन घेतो. आणि लोएस्ट-डायरेक्ट दिलं की फक्त तुमच्या थेट डिपेन्डन्सीज जुन्या घेतो, त्यांच्या मागून येणारे मेहुणे नवीनच. नुसत्या लोएस्टचा त्रास असा की मागून येणाऱ्या पॅकेजेसच्या अटी कोणीतरी ढिसाळ लिहिलेल्या असतात, खालची मर्यादाच नाही, मग तो कुठलं तरी अतिप्राचीन ०.१ उकरून काढतो जे आजच्या पायथॉनवर बिल्डच होत नाही, आणि त्याचा आपल्याशी संबंध काय. म्हणून लोएस्ट-डायरेक्ट.

तोपर्यंत मी दोन्ही टोप्या काढल्या होत्या, अ‍ॅप्लायमॅपच्या जागी मॅप केलं होतं (सहा मिनिटं लागली, वर्षभर टाळलेल्या कामाला सहा मिनिटं), आणि अट राहिली होती पांडाज >=१.५. टेस्ट लोएस्ट-डायरेक्टवर चालवल्या. पांडाज १.५.० आलं, मागून नमपाय २.०.२ आला, आणि माझ्याच स्क्रीनवर ९६ पाहिजे होते ८८ मिळाले. सोलापूरचा फोटो, जसाच्या तसा. म्हणजे जूनमधे नुसती वरची टोपी काढून मी समजत होतो मिटलं, तर खालचं दार सताड उघडं होतं, ज्याच्याकडे काही कारणाने पांडाज जुनं असेल त्याला आजही तेच होणार होतं. बरं नमपाय बाजूला ठेवून बघितलं तर पुढची एरर तयारच, डेटाफ्रेमला मॅप नावाचं काही नाही, अर्थात नसणार, ते २.१ मधे आलंय. माझी १.५ ची जबान दोन बाजूंनी खोटी होती. अट २.२.२ वर नेली.

मग ओपनपायएक्सएल. अट होती >=३.०. यूव्हीने ३.०.० दिलं, आणि पांडाजने चालवताना सांगितलं की मला ३.१.० किंवा वरचं पाहिजे. आता हे रिझॉल्व्हरला का नाही कळलं? कारण पांडाजसाठी ओपनपायएक्सएल ऐच्छिक आहे, सक्तीची डिपेन्डन्सी नाही, एक्सेलचा एक्स्ट्रा (पांडाजबरोबर मागायची जादा जोडणी) मागितला असता तर अट आली असती, मी ते पॅकेज वेगळं स्वतः मागितलं होतं, त्यामुळे रिझॉल्व्हरच्या दृष्टीने दोघांचा काही संबंधच नाही. असली गोष्ट कितीही डोकं खाजवून कळत नाही. खालच्या टोकावर नेऊन चालवलं तरच कळते. ह्या एका ऑप्शनसाठी मी यूव्हीचं पाहिजे तेवढं कौतुक करायला तयार आहे. तुम्ही खालची मर्यादा लिहिलीच नसेल तर ते चालवतानाच सूचना देतं की बाबा ह्या पॅकेजला खाली काही बंधन नाही, घाल काहीतरी.

दुसरी आवडलेली गोष्ट, न जमल्यावर देतात ते उत्तर. आत पबग्रब नावाचा अल्गोरिदम आहे, २०१८ मधे नताली वाइझेनबॉम ह्यांनी डार्ट भाषेच्या पॅकेज मॅनेजरसाठी केलेला, यूव्ही त्याचं रस्टमधलं रूप वापरतं. कल्पना साधी आहे. पंगत मांडताना एकदा कळलं की मोठे मामा आणि धाकटे काका शेजारी बसणार नाहीत, की मग बाकी पाहुणे कसेही फिरवा, ते दोघं शेजारी येतील असली एकही मांडणी परत करून बघायची नाही. भांडणाचं कारण लक्षात ठेवायचं. ह्याचा फायदा वेगात होतोच पण जास्त फायदा असा की शेवटी जमलंच नाही तर कारणांची साखळी त्याच्याकडे तयार असते, आणि ते सरळ सांगतं की ह्याला हे लागतं, त्याला ते लागतं, म्हणून हे दोन एकत्र नांदणार नाहीत, म्हणून तुमचं मागणं पुरं होत नाही. अगदी शाळेतल्या भूमितीच्या सिद्धतेसारखं. लांबलचक असतं कधीकधी, पण वाचलं की दोषी सापडतो. आणि अमुक पॅकेज माझ्याकडे आलंच कोणामुळे हे बघायला ट्री कमांडला इन्व्हर्ट लावायचं, मेहुणा कोणाचा ते लगेच कळतं.

तिसरी, एक्स्क्लूड-न्यूअर. एक तारीख द्यायची, त्या तारखेनंतर पायपीआयवर आलेलं काहीही नाही असं समजून ते रिझॉल्व्ह करतं. मी १८ जून २०२४ टाकून माझी लायब्ररी इन्स्टॉल केली आणि बरोबर सोलापूरच्या मशीनवरचं जग उभं राहिलं. "माझ्याकडे तर चालतंय" हे मेंटेनर लोकांचं आवडतं वाक्य, ते ह्या ऑप्शनने बरंच कमी होतं, कारण इश्यू टाकणाऱ्याची तारीख आपल्याला माहीत असते.

आता कुरकुर.

यूव्ही अ‍ॅड करून पॅकेज जोडलं की ते आजचं सगळ्यात नवीन व्हर्जन बघून "ह्याच्या वर" असं लिहितं. वरची टोपी घालत नाही, हे मला पटतं. पण खालची मर्यादा आजची? लायब्ररीसाठी हे फार कडक आहे. मी आज एखादं पॅकेज जोडलं आणि त्याचं गेल्या आठवड्यातलं व्हर्जन आलं असेल तर दोन महिने जुनं असलेल्या प्रत्येकाला मी विनाकारण हाकलतोय, भले माझा कोड तीन वर्षांपूर्वीच्यावर पण चालत असेल. अर्थात ते बिचारं तरी काय करणार, खरी खालची मर्यादा काय हे त्याला कसं कळणार. पण नवीन माणूस ते आकडे तसेच सोडून देतो, मी पण दोनदा सोडलेत. हाताने खाली आणायचे आणि लोएस्ट-डायरेक्टवर चालवून बघायचं, दुसरा इलाज नाही.

लॉक फाइल. यूव्हीची लॉक फाइल सगळ्या प्लॅटफॉर्मसाठी आणि तुम्ही सांगितलेल्या सगळ्या पायथॉन व्हर्जनसाठी एकच असते, इंजिनियरिंग म्हणून जबरदस्त. पण लायब्ररीवाल्याला ती गाफील करते. माझं सीआय लॉकवर चालायचं, हिरवंगार, आणि वापरणाऱ्याला लॉक मिळतच नाही, त्याला पायपीआयवरून फक्त रेंज मिळते. म्हणजे मी ज्या जगात टेस्ट करतोय त्या जगात माझ्याशिवाय कोणी राहतच नाही. तसंच ओव्हरराइडचं. कोणाची अट आडवी आली तर ती झुगारून द्यायची सोय यूव्हीत आहे, कामाची आहे, पण ते फक्त तुमच्या प्रोजेक्टपुरतं, पॅकेजबरोबर बाहेर जात नाही. लायब्ररीत ओव्हरराइड टाकून "सुटलं" म्हणणं म्हणजे आपल्या घरातलं घड्याळ मागे करून गाडी मिळेल असं समजणं.

मग ती पायथॉनच्या व्हर्जनची एरर. पायप्रोजेक्टमधे पायथॉन >=३.८ लिहिलंय, मशीनवर ३.१२ आहे, एखादं पॅकेज जोडायला गेलं तर म्हणतं ३.८ च्या वर हे ३.९ च्या वरमधे बसत नाही. पहिल्यांदा मी वैतागून दोनदा तपासलं की माझं पायथॉन कुठलं आहे. ते तुमच्या मशीनचं बोलतच नसतं, तुम्ही ३.८ वाल्यांना पण जबान दिलीये त्याचं बोलत असतं. तत्त्व शंभर टक्के बरोबर, मेसेज पण चुकीचा नाही, पण नवीन माणसाची पहिली अर्धी संध्याकाळ ह्यात जाते हे नक्की.

आणि एक बारीकसं. लोएस्ट-डायरेक्ट आपल्या मशीनवर चालवलं की ते आधीची लॉक फाइल बाजूला सारतं, मोड बदलला म्हणून, आणि नवीन लिहून ठेवतं. विसरून कमिट केलं (प्रोजेक्टमधे नोंदवलं) तर पुढचा माणूस सगळी जुनी व्हर्जन्स घेऊन बसेल. मी केलंय कमिट. म्हणून आता ते फक्त सीआयमधे, जिथे काम झालं की मशीनच पुसली जाते.

लोक नेहमी विचारतात ती शंका, एकाच कंपनीच्या हातात एवढं सगळं, उद्या काय. लायसन्स एमआयटी आणि अपाची दोन्ही आहे, कोड उघडा आहे, म्हणजे अगदीच वाऱ्यावर नाही सोडणार. आणि अटी लिहायची जागा, ती पायप्रोजेक्ट फाइल, ती पायथॉनच्या स्टँडर्डमधली आहे, उद्या यूव्ही सोडलं तर डिपेन्डन्सीजची यादी तशीच दुसऱ्या टूलला देता येते. लॉक फाइल मात्र त्यांची स्वतःची. पायथॉनने २०२५ च्या मार्चमधे सगळ्यांसाठी एक लॉक फॉरमॅट मंजूर केलाय, यूव्ही त्यात एक्सपोर्ट करून देतं, पण आतलं काम अजून स्वतःच्याच फाइलवर. लायब्ररीवाल्याला ह्याने फारसा फरक पडत नाही, अ‍ॅपवाल्यांनी विचार करावा.

एक गोष्ट मात्र बघून हसलो. यूव्हीने पॅकेज बनवायचं स्वतःचं बिल्ड बॅकएंड काढलंय. लायब्ररीचा नवीन प्रोजेक्ट सुरू केला की त्याची अट ते आपणहून लिहून देतं, आणि तिथे वरची टोपी असते, ०.८ चालू असेल तर ०.९ च्या खालीच राहा म्हणून. जगभरच्या पॅकेजेसना टोपी न घालणारं टूल स्वतःच्या डोक्यावर घालून फिरतंय. पण विचार केला तर चूक नाही हो. बिल्ड बॅकएंड बिल्डपुरता वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमधे चालतो, तिथे दुसरा आचारी नाही, टोपीने कोणाशी भांडण होणार नाही, आणि स्वतःच अजून ०.चं व्हर्जन आहे म्हणजे पुढच्या रिलीजला काय मोडेल ते त्यांनाच जास्त माहीत. टोपी घालायची की नाही हे डब्यात बाकी कोण आहे त्यावर ठरतं, मला हे समजायला सोलापूर लागलं.

आता माझ्याकडे कशी मांडणी आहे ते सांगतो, कोणाला उचलायची असेल तर उचला. वरची टोपी कुठेच नाही. एखादं व्हर्जन खरोखर मोडलेलं निघालं तर तेवढंच != लिहून वगळतो. सीआयमधे तीन फेऱ्या, एक लॉकवर, एक लोएस्ट-डायरेक्टवर सगळ्यात जुन्या पायथॉनने, आणि एक दर रविवारी रात्री लॉक बाजूला ठेवून सगळं नवीन घेऊन, प्री-रिलीज (पक्की व्हायच्या आधीची व्हर्जन्स) सकट. ही तिसरी फेरी महत्त्वाची, टोपी काढली तर कोणीतरी पहारा द्यायला पाहिजे ना. ती लाल झाली तरी रिलीज अडत नाही, मला फक्त मेल येतो. आणि वॉर्निंग म्हणजे एरर ही सेटिंग फक्त त्या रविवारच्या फेरीत ठेवलीये, रात्री अकराला परत मोह नको. हे सगळं पिपने करता येत नाही असं नाही, पण खालच्या टोकाची फेरी मला हाताने कन्स्ट्रेंट फाइल लिहून करावी लागली असती, आणि मी ती लिहिली नसती हे मला माझ्याबद्दल माहितीये.

स्टार द्यायचे तर लायब्ररी सांभाळणाऱ्यांसाठी ५ पैकी ४, अर्धा त्या अ‍ॅड कमांडच्या सवयीसाठी कापला आणि अर्धा त्या ३.८ च्या मेसेजसाठी. नुसतं स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी, अ‍ॅपवाल्यांनी डोळे झाकून घ्या. ऑफिसात स्वतःचा खाजगी इंडेक्स (पायपीआयसारखं कोठार) असेल तर मात्र आधी त्याबद्दलचं पान वाचा, कारण पॅकेज ज्या इंडेक्सवर पहिल्यांदा सापडेल तिथेच यूव्ही थांबतं, पुढे बघत नाही, पिप सगळीकडे बघतं. हे मुद्दाम सुरक्षेसाठी केलंय आणि चांगलंच आहे, पण माहीत नसेल तर पॅकेज गायब झालं असं वाटतं.

गेल्या महिन्यात नवीन व्हर्जन काढलं तेव्हा सोलापूरला मेसेज टाकला, म्हटलं साहेब आता यूव्हीने टाका, झटक्यात होईल, कसं करायचं ते पण लिहून पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं. "सर ते नवीन काय मला नको, पिपनं टाकलंय, चाललंय. फक्त रफार अजून एका जागी चुकीचा बसतोय तेवढं बघा."